पंच कुठं उभा होता?

कोल्हापूरच्या कळंब्यात तळ्याच्या खालच्या अंगाला जे थोडे मोकळे प्लॉट उरलेत, तिथं संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात. दोन चपला म्हणजे गोलपोस्ट. आडवा बार नसतो, म्हणून गोलीनं हात वर केल्यावर बोटं पोहोचतात तिथंवर बार धरायचा, असा न लिहिलेला करार असतो. साहजिकच दोन्ही बाजू बुटक्यातल्या बुटक्या पोराला गोलीत उभं करतात. गोली जितका बुटका, तितका गोल लहान. कायद्यातली पळवाट शोधायला वकिलीची सनद लागत नाही.

तरी दर दहा मिनिटांनी भांडण ठरलेलं. "गोल हाय!" "कुठला गोल? वरनं गेलाय." "आरं आतनं गेला, ह्यानं बघितलंय." "ह्यो तुमच्यातलाच की!" थोडा वेळ आवाज चढतात, मग कुणीतरी म्हणतं, "बरं, परत मार," आणि खेळ सुरू होतो. पंच नाही, शिट्टी नाही, तरी निकाल लागतो, कारण अंधार पडायच्या आत दोघांनाही खेळायचं असतं.

हीच पोरं चार वर्षांनी मोठी होऊन शाहू स्टेडियममध्ये जातात. तिथं "परत मार" म्हणायची सोय नसते.

पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही इथल्या फुटबॉल संघांची नावं ऐकून बाहेरच्या माणसाला कुस्तीचा आखाडा आठवतो, आणि त्यात त्याची चूक नाही. या सगळ्या तालमीच आहेत. लाल माती, जोर-बैठका, वस्तादाचा दरारा हे आधीचं. चेंडू नंतर आला. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं आणि १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, स्थापन झाली. दोन्हींच्या मध्ये कुठंतरी तालमीतल्या पोरांच्या पायाला चेंडू चिकटला तो सुटलाच नाही. इथं संघ निवडायचा नसतो. जन्म कुठल्या पेठेत झाला त्यावर तो ठरतो, जसं आडनाव ठरतं. त्यामुळं पंचानं पेनल्टी दिली की ती अकरा खेळाडूंविरुद्ध नसते, अख्ख्या पेठेविरुद्ध असते. एवढ्याशा कारणावरून दगड उडाले, सामने थांबले, बंदोबस्त वाढवावा लागला, हे या शहरानं पुरेशा वेळा पाहिलंय. त्याचं कौतुक करणाऱ्यांतला मी नाही. पण त्या रागात नेमकं काय काय मिसळलेलं असतं, हे उकलून पाहण्यासारखं आहे.

पंच हा खेळाचा मूळ भाग नव्हेच. इंग्लंडातल्या शाळा-कॉलेजांत फुटबॉल आकाराला येत होता तेव्हा सभ्य माणूस मुद्दाम चूक करणार नाही असं गृहीत होतं. पुढं दोन्ही संघ आपापला एकेक 'अंपायर' आणू लागले. या दोघांचं जुळलं नाही तर विचारायला मैदानाबाहेर तिसरा माणूस बसायचा. ज्याच्याकडं प्रश्न न्यायचा तो 'रेफरी', इतकाच त्या शब्दाचा अर्थ. १८९१ साली नियम बदलले. रेफरी मैदानाच्या आत आला आणि दोन्ही अंपायर झेंडे घेऊन कडेला, म्हणजे लाइन्समन झाले. पेनल्टी किकही त्याच वर्षीची. म्हणजे ज्याला शिव्या द्यायच्या तो माणूस आणि ज्यावरून द्यायच्या ते कारण, दोन्ही एकाच वर्षी मैदानात उतरले.

आता ऑफसाईड. यावरून गॅलरीत जितका घसा बसतो तितका दुसऱ्या कशावरून बसत नाही. नियम एका ओळीत सांगता येतो: साथीदाराच्या पायातून चेंडू सुटतो त्या क्षणी, समोरच्या अर्ध्यात, चेंडू आणि शेवटून दुसरा बचावपटू या दोघांच्याही पुढं असाल तर तुम्ही ऑफसाईड. बरोबरीत असाल तर नाही, ही सवलत १९९० पासून. कॉर्नर, थ्रो-इन आणि गोल किक यांना ऑफसाईड नसते. हे दर सामन्यात कुणाला तरी नव्यानं सांगावं लागतं.

गोम 'त्या क्षणी' या दोन शब्दांत आहे. आघाडीचा खेळाडू सेकंदाला ८ मीटर वेगानं पुढं सुटलाय आणि बचावपटू ४ मीटर वेगानं उलट धावतोय असं धरा. दोघांतलं अंतर सेकंदाला १२ मीटरनं बदलतं. लाइन्समनची नजर पास देणाऱ्याच्या पायावरून ऑफसाईडच्या रेषेवर यायला सेकंदाचा दहावा भाग जरी लागला, तरी तेवढ्यात १ मीटर २० सेंटिमीटरचा फरक पडून गेलेला असतो. एवढ्या फरकात एक माणूस आडवा झोपत नसेल, पण चहाची टपरी नक्की बसते.

दुसरी गोम आणखी खट्याळ आहे. मोटारसायकलवर मागं बसलेल्याला पेट्रोलचा काटा चालवणाऱ्यापेक्षा वेगळ्या जागी दिसतो. काटा तोच, बघणाऱ्याची जागा वेगळी. लाइन्समननं शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत असायला हवं. तो एखादा मीटर गोलच्या बाजूला सरकलेला असेल तर काय होतं? बचावपटू त्याच्या जवळ आणि आघाडीचा खेळाडू पलीकडच्या अंगाला असेल, तर बरोबरीत असलेला खेळाडू पुढं गेल्यासारखा दिसतो आणि नसलेल्या ऑफसाईडचा झेंडा वर जातो. दोघांच्या जागा उलट असतील तर खरी ऑफसाईड निसटते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लाइन्समनच्या अशा चुका तपासून २००० साली 'नेचर' या नियतकालिकात लिहिलं, तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते या कोनावर. पक्षपात, डोळ्यांचा नंबर, पाकीट हे नंतरचे संशय. आधी विचारायचा प्रश्न असा, की तो उभा कुठं होता?

हाच प्रश्न आपल्यालाही लागू होतो, आणि तो मी शेजारच्या काकांना एकदा विचारला. काका कळंब्याहून केएमटीच्या बसनं स्टेडियमवर येतात आणि वर्षानुवर्षं एकाच पायरीवर बसतात. ती पायरी जवळपास कॉर्नर फ्लॅगच्या रेषेत येते. म्हटलं, "काका, इथनं तुम्हाला मधली ऑफसाईड कळली कशी?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जसं मीच झेंडा वर केला होता. "कळायला काय लागतंय? आमचा पोरगा ऑफसाईड जात नाही." या वाक्यावर भूमितीचं काही चालत नाही.

आवाजाचंही एक शास्त्र आहे. ब्रिटनमध्ये ४० पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्यातल्या सामन्यातल्या ४७ झटापटी चित्रफितीवर दाखवल्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. ज्यांना आवाज ऐकू येत होता त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पुढं कोविडच्या काळात रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले तेव्हा पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डं घटल्याचं अनेक लीगमध्ये दिसलं. पंच घाबरतो असा याचा अर्थ नाही. शंका असते तेव्हा माणूस आजूबाजूच्या खुणा शोधतो, आणि हजार घसे ही मोठी खूण असते.

कोल्हापुरात मात्र दोन्ही संघ यजमान! मैदान एक, पेठा दोन, आणि पंच बहुधा गावातलाच, कधीकाळी स्वतः खेळलेला. तो कुठल्या गल्लीत राहतो, त्याचा मेहुणा कुठल्या तालमीचा, हे प्रेक्षकांना शिट्टीच्या आधीच पाठ असतं. त्यानं डावीकडं फाऊल दिला की डावी गॅलरी त्याची कुंडली मांडते, उजवीकडं दिला की उजवी. एखादा सामना असाही जातो की दोन्ही गॅलऱ्या त्याला शिव्या देतात. माझ्या मते अशा दिवशी त्यानं बरं काम केलेलं असतं.

पण प्रत्येक वेळी चूक पंचाचीच असते असं नाही. कधी नियम बरोबर असतो आणि आपल्यालाच तो ठाऊक नसतो. ३ मार्च २०२३ ला बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना होता, बंगळूरू एफसी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळेत बंगळूरूला फ्री किक मिळाली. ब्लास्टर्सची पोरं भिंत रचत होती, गोली भिंतीला हातवारे करत होता, आणि सुनील छेत्रीनं शिट्टीची वाट न बघता चेंडू जाळ्यात टाकला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपला संघ मैदानाबाहेर काढला आणि सामना बंगळूरूला बहाल झाला. नंतर भारतीय फुटबॉल महासंघानं ब्लास्टर्सला ४ कोटी रुपये दंड केला, आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली.

नियम सांगतो की फ्री किक झटकन घेणं हा हल्ला करणाऱ्या संघाचा हक्क आहे. त्यानं ९.१५ मीटर अंतर मागितलं, किंवा पंचानं 'शिट्टीवर घ्या' अशी खूण केली, तरच थांबायचं. मग सगळा वाद एका बारीक जागी येऊन थांबतो: पंचानं तशी खूण केली होती की नाही? टीव्हीसमोर बसलेल्या लाखभर लोकांना ते ठामपणे माहीत होतं, आणि त्यातल्या निम्म्यांना उलटं माहीत होतं.

मैदानावरच्या चुकीचा राग धगधगीत असतो, पण दोन दिवसांत विझतो. कागदावरच्या निकालाचा राग मुरत जातो. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या पाठीराख्यांना विचारा. एप्रिल २०२५ मध्ये आय-लीग संपली तेव्हा चर्चिल ४० गुणांवर आणि वाराणसीचा इंटर काशी ३९ वर होता. पण जानेवारीतला एक सामना लटकलेला होता. नामधारी एफसीनं इंटर काशीला २-० हरवलं होतं, आणि त्या सामन्यात नामधारीनं निलंबित असायला हवा होता असा खेळाडू उतरवला होता. महासंघाच्या शिस्तपालन समितीनं सामना इंटर काशीला दिला. अपील समितीनं तो निर्णय फिरवला आणि चर्चिलला विजेता जाहीर केलं. इंटर काशी लोझानच्या क्रीडा लवादाकडं गेला. १८ जुलै २०२५ ला लवादानं इंटर काशीला विजेता ठरवलं. ३९ अधिक ३, बेचाळीस. वरच्या लीगचं दार या एका बेरजेवर उघडणार होतं. शेवटची शिट्टी वाजल्यावर तीन महिन्यांनी, स्वित्झर्लंडमध्ये, चेंडूला हात न लावता लीगचा निकाल लागला.

यात कोण बरोबर हे लवादानं ठरवलं आहे आणि मला त्यात नाक खुपसायचं नाही. खटकतो तो उशीर. नियम मोडला होता की नव्हता, एवढंच जानेवारीत ठरवायचं होतं. ते एप्रिलपर्यंत रेंगाळलं, तोवर दोन्ही गावांत गुलाल विकत घेऊन झाला होता.

विजेता कागदावर ठरवण्याचा कळस अमेरिकेत आहे. तिथल्या कॉलेजांचा फुटबॉल (नावाला फुटबॉल, चेंडू बहुतेक वेळ हातातच) आपल्याकडच्या पेठांइतक्याच निष्ठेनं पाहिला जातो. वरच्या गटात १३० हून जास्त संघ, आणि प्रत्येकाला नियमित हंगामात साधारण बारा सामने. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं अशक्य. सोळा संघ एकमेकांशी एकेकदा खेळले तर १२० सामने होतात. १३० संघांना आठ हजारांच्या वर सामने लागतील. म्हणून तिथं तेरा जणांची समिती बसते आणि अंतिम फेऱ्यांसाठी संघ निवडते. डिसेंबर २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठानं तेराच्या तेरा सामने जिंकले, तरी पहिल्या चारांत त्यांना घेतलं नाही. एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतलं. कारण? फ्लोरिडा स्टेटचा मुख्य खेळाडू जखमी होता आणि त्याच्याशिवाय संघ तेवढा तगडा उरला नाही, असं समितीचं मत. जे जिंकलं ते मोजायचं की पुढं काय होईल असं वाटतं ते? लोक अजून त्यावरून भांडतात. पुढच्या हंगामापासून चारांऐवजी बारा संघ घेऊ लागले. आता तेराव्याचे पाठीराखे भांडतात.

या दोन्ही गोष्टी ऐकून आपल्याकडच्या गुणतक्त्याबद्दल आदर वाढतो. तक्ता मत देत नाही.

पंच झाला, समिती झाली. राहिला कोच. इथं मला ११ जून २०२४ ची रात्र आठवते, दोहाची. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत कतारशी खेळत होता. छांगटेनं ३७ व्या मिनिटाला गोल केला होता आणि भारत १-० पुढं होता. ७३ व्या मिनिटाला कतारचा हेडर आपला गोली गुरप्रीतनं अडवला. चेंडू गोललाइनच्या शेजारून पूर्ण बाहेर गेला, कतारच्या खेळाडूनं तो पायानं आत ओढला आणि दुसऱ्यानं गोल केला. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. पंचांनी गोल दिला. व्हिडिओ पंच त्या फेरीत नव्हताच. नंतर कतारनं आणखी एक गोल केला, भारत १-२ हरला आणि बाहेर पडला. आठवडा उलटायच्या आत प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांना महासंघानं काढलं.

कळंब्यातल्या चपलांच्या गोलसारखीच ही चूक: चेंडू बाहेर होता की आत? राग अगदी रास्त होता. पण हिशेब मांडून पाहा. सहा सामन्यांत भारताचे गुण झाले ५. कुवेत ७ गुणांवर पुढं गेलं. दोहात जिंकलो असतो तर ८ झाले असते, हे खरं. पण मार्चमध्ये गुवाहाटीत, आपल्याच मैदानावर, आपण अफगाणिस्तानकडून १-२ हरलो होतो. तो जिंकला असता तरी दोहातली चूक पचवून ८ च झाले असते. गुवाहाटीत चेंडू कुणी बाहेरून आत ओढला नव्हता. दोहाच्या पंचांना आपण अजून विसरलो नाही, आणि गुवाहाटी मात्र आठवण करून द्यावी लागते. पंचाची चूक एका क्षणात मावते, मोबाईलवर पुन्हा पुन्हा बघता येते. कोचची चूक महिन्यांवर पसरलेली असते. तिची क्लिप निघत नाही.

कोचला काढून काय होतं याचाही अभ्यास झालेला आहे, तोही नेदरलँड्समध्येच. संघ सलग हरतो, कोच जातो, पुढचे सामने बरे जातात, आणि पाठीराखे म्हणतात, बघा. पण तितकंच वाईट हरत असलेले आणि कोच न बदललेले संघ तपासले तर तेही जवळजवळ तसेच सावरलेले दिसतात. वाईटाचं टोक गाठलं की पुढचं सहसा थोडं बरंच असतं. पाऊस यायची वेळ झाली होती आणि त्याच आठवड्यात पाटकरी बदलला, तर पाऊस नव्या पाटकऱ्यानं पाडला असं होत नाही.

तालमीतला कोच तर सरळ माणसांत राहतो. तो बहुधा त्याच संघातून खेळलेला असतो, संध्याकाळी त्याच कट्ट्यावर बसतो. अलीकडं संघ आफ्रिकेतले खेळाडूही आणतात, आणि एखाद्या पेठेतल्या पोराला बाकावर बसवून बाहेरचा उतरवला की सामना हरेपर्यंत कुणी बोलत नाही. हरल्यावर मात्र त्या पोराच्या आजीलाही ठाऊक असतं की बदली साठाव्या मिनिटाला करायला हवी होती. जिंकला असता तर त्याच बदलीला डाव म्हटलं असतं.

पंचाच्या चुकांवर उपाय म्हणून फिफानं २०२४ पासून एक स्वस्त सोय आजमावायला घेतली आहे, फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट. मोठ्या व्हीएआरला, म्हणजे व्हिडिओ पंचाच्या पद्धतीला, कॅमेऱ्यांचा ताफा, वेगळी खोली आणि वेगळे पंच लागतात. ते स्थानिक मैदानाला झेपणारं नाही. या नव्या पद्धतीत चार-दोन कॅमेरेही चालतात, वेगळा पंच बसवावा लागत नाही. कोचला शंका आली की तो दाद मागतो आणि मैदानावरचा पंच कडेला येऊन पडद्यावर पुन्हा पाहतो. दर सामन्यात प्रत्येक कोचला दोनदा मागता येतं. दाद बरोबर निघाली तर ती संधी शिल्लक राहते. आपल्याकडचे सामने यूट्यूबवर थेट दिसतातच. आज परिस्थिती अशी उलटी आहे की गॅलरीतल्या पोराच्या हातात रिप्ले असतो आणि पंचाच्या हातात फक्त शिट्टी.

परतीच्या केएमटीत मी हे सगळं काकांना समजावून सांगितलं. बस आयटीआयच्या पुढं आली तोवर ते शांतपणे ऐकत होते.

"दोनदाच मागायचं?"

"दोनदा. दाद चुकीची निघाली तर."

"आणि तिसऱ्यांदा त्यानं चुकीचं दिलं तर?"

"मग काही नाही, काका. मग त्याचाच निर्णय."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणजे तिसऱ्यांदा वरडायला घसा राखून ठेवायला पाहिजे," असं म्हणून ते उतरायला उठले.